घंटा कोणी चोरली

ब्रिसेइदाचं आणि घड्याळाचं जन्माचं वैर होतं. घड्याळ तिला दिसायचं, काटे कुठे आहेत तेही सांगता यायचं, पण सात आणि साडेसात यांच्यामध्ये नेमकी किती जागा असते, हे तिच्या डोक्यात काही केल्या बसत नसे. कधी त्या अर्ध्या तासात तिची चार कामं उरकायची, तर कधी एक मोजा घालून दुसरा शोधेपर्यंत तो संपून जायचा. आमच्या टेकडीवर उशीर करणारी ती एकटीच होती असं मुळीच नाही. पण बाकीच्या बायका उशीर झाला की हसतात, आणि ब्रिसेइदा घाबरायची.

तिच्या घाबरण्याला कारण होतं आब्रिल, तिची एकुलती एक मुलगी, वय वर्षं सात. आब्रिल स्वमग्न आहे, हे ती चार वर्षांची असताना दवाखान्यात कळलं. ती पांढरं तेवढंच खायची: भात, चीज, मक्याच्या पोळीचा मधला भाग. पोळीला काळा डाग दिसला की अख्खी पोळी बाद. शाळेला जाताना रस्त्याची डावी बाजू, आणि भिंतीला बोट लावूनच चालायचं. कुणी भिंतीला खेटून गाडी लावली असेल तर मालक येऊन गाडी काढेपर्यंत पोर तिथेच उभी. दोन शाळांनी तिला गोड बोलून परत पाठवलं होतं. तिसऱ्या शाळेत एल्वाबाई भेटल्या. त्यांनी तिला खिडकीजवळचा कोपरा दिला आणि सहा महिन्यांत वाचायला शिकवलं. पण एल्वाबाई सकाळच्या पाळीलाच असायच्या, आणि शाळेचा नियम असा की महिन्यात तीनदा उशीर झाला की मूल दुपारच्या पाळीत. दुपारी एका वर्गात पंचेचाळीस मुलं, एक मास्तर, आणि कोपरा वगैरे काही नाही. आठला फाटक बंद व्हायचं आणि ब्रिसेइदाचा जीव रोज त्या फाटकात अडकलेला असायचा.

ज्या डॉक्टरीणबाईंनी आब्रिलला तपासलं, त्यांनी आईकडेही निरखून पाहिलं होतं. त्या अर्ध्या तासात ब्रिसेइदाने एकच अर्ज तीनदा हरवला, डॉक्टरीणबाईंचं पेन स्वतःच्या अंबाड्यात खोचलं आणि मग तेच शोधत बसली. तुमचीही तपासणी करून घ्या, असं त्यांनी सुचवलं. केली. दोन पानांचा कागद हाती आला. त्याचा अर्थ असा की ही बाई आळशी नाही, निष्काळजी नाही, बावळट तर नाहीच. कामं ओळीने लावणं, वेळेचा अंदाज घेणं, सुरू केलेलं संपवणं तिच्या मेंदूला जड जातं, आणि ते जन्मापासून. ब्रिसेइदाने बसमध्ये तो कागद दोनदा वाचला आणि ती हमसून हमसून रडली, कारण आळशी, निष्काळजी आणि बावळट हे तीन शब्द तिने चौतीस वर्षं आलटून पालटून ऐकले होते. घरी आल्यावर तिने कागद कुणाच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवला. जागा इतकी चांगली निवडली, की आठवड्याने तो तिलाच सापडेना.

दुसऱ्या कुणाला वाटलं असतं, हरवला. ब्रिसेइदाला वाटलं, सासूने नेला.

सासू म्हणजे दोन्या तोमासा. तळमजल्यावर राहायची आणि कोपऱ्यावर तमाल, म्हणजे पानात गुंडाळून उकडलेले मक्याचे मुटके, विकायची. मधला मजला अर्धवट बांधलेला, तिथे नुसत्या सळया आणि पाण्याची पिंपं. वरच्या दोन खोल्यांत ब्रिसेइदा, आब्रिल, आणि महिन्यातले चार दिवस एफ्रेन, म्हणजे नवरा, जो सरहद्दीपर्यंत ट्रक चालवायचा. ब्रिसेइदा घरीच मुलींच्या पंधराव्या वाढदिवसाच्या झग्यांवर मणी टाकायची. हात असा की बाजारातले दुकानदार तिच्यासाठी थांबून राहायचे. मात्र एकदा मण्यांत बुडाली की चुलीवर करपलेल्या भाताचा वास खालच्या मजल्यावर आधी पोचायचा. आब्रिलच्या पाचव्या वाढदिवसाला दोन्या तोमासा सगळ्यांदेखत म्हणाली होती, "पोर झोपू दे माझ्याकडे खाली. तू बस आपली मणी ओवत." लोक हसले. ब्रिसेइदाही हसली, पण त्या दिवसापासून ती सासूवर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवू लागली. मुलगी आपल्याकडून काढून घेतली जाणार, ही भीती तिच्या मनात घर करून बसली.

मग अशी बाई मुलीला आठच्या आत शाळेत पोचवायची कशी? कचऱ्याच्या घंटेवर. गाडीच्या पुढे फिदेन्सिओ हातात पितळी घंटा घेऊन चालतो, रविवार सोडून रोज, आणि सात वीसला आमच्या गल्लीत शिरतो. घंटा ऐकली की ज्याने त्याने आपापली पिशवी घेऊन धावायचं. ब्रिसेइदा आदल्या संध्याकाळी पिशवी जिन्याच्या तोंडाशी ठेवायची, सकाळी घंटा झाली की एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात आब्रिल, पिशवी गाडीत आणि दोघी तशाच पुढे शाळेला. मोबाईलचा गजरही लावून पाहिला होता. पण गजर बोटाने बंद होतो, आणि बंद केला हेसुद्धा विसरायला होतं. फिदेन्सिओला बोटाने बंद करता येत नव्हतं. तो पुढे निघून गेला की कचरा आणखी एक दिवस घरात, आणि वास लपत नाही. बाकीचा दिवसही असाच चालायचा: गॅसवाला ओरडला की भात टाकायचा, संध्याकाळी रताळीवाल्याची शिट्टी झाली की आब्रिलला औषध द्यायचं. हे तिने कुणालाही सांगितलेलं नव्हतं. घोड्याएवढी बाई कचऱ्याच्या घंटेवर जगते, हे सांगायचं तरी कोणत्या तोंडाने?

लाज वाटायला आणखी एक गोष्ट होती. ती घंटा आब्रिलला सोसायची नाही. पहिला टोला पडला की पोर टेबलाखाली, दोन्ही हात कानांवर, आणि तेवढ्याने भागलं नाही की उजव्या मनगटाला चावा. वण उठायचे. ब्रिसेइदा तिला उशी द्यायची, जवळ घ्यायची, आणि त्याच वेळी तिला हायसंही वाटायचं की चला, सात वीस झाले. लेकीच्या किंचाळण्यावर आपण वेळ लावतो, हे तिला आतून कुरतडत असे. पण दुसरं घड्याळ तिच्यापाशी नव्हतं.

ऑक्टोबरातल्या एका सोमवारी घंटा झालीच नाही.

ब्रिसेइदा आब्रिलची वेणी घालत वाट पाहत राहिली. वेणी झाली, नीट वाटली नाही म्हणून सोडली, पुन्हा घातली. शेवटी शेजारची बाई कोंबड्यांना दाणे टाकायला बाहेर आली तेव्हा हिच्या लक्षात आलं की ऊन अंगणात उतरलंय. शाळेत पोचायला आठ वाजून दहा मिनिटं झाली. फाटकावरच्या माणसाने वहीत नाव लिहिलं, आत गेल्यावर वर्गातला गोंगाट ऐकून आब्रिल दारातच खाली बसली, आणि एल्वाबाईंना तिला उठवायला पाऊण तास लागला. गाडी बिघडली असेल, असं मनाशी म्हणत ब्रिसेइदा घरी आली, तर जिन्यावरची पिशवी गायब.

गाडी आली नाही, मग पिशवी गेली कुठे?

मंगळवारीही तेच. घंटा नाही आणि पिशवीही नाही. त्या दिवशी सुदैवाने वेळेत पोचल्या. बुधवारी भीतीने ती इतक्या लवकर निघाली की सात वाजायच्या आत शाळेसमोर हजर. दोघी तासभर फुटपाथवर बसल्या, आब्रिल बस मोजत आणि आई नखं खात. पुढच्या सोमवारी पुन्हा उशीर झाला. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, बोलावून शांतपणे सांगितलं की दोन झाले, आता एकच राहिला.

मग मात्र ब्रिसेइदा एकेक गोष्ट जुळवू लागली. दोन्या तोमासा कोपऱ्यावर फिदेन्सिओशी हळू आवाजात बोलताना तिने दोनदा पाहिलं होतं. एकदा तर त्याला कागदात गुंडाळलेला गरम तमाल देताना, आणि पैसे न घेता. दोन्या तोमासा सख्ख्या भावालाही तमाल फुकट देत नाही. गल्लीतल्या बायका हिच्याकडे हल्ली वेगळ्याच नजरेने बघत होत्या आणि आब्रिल बरी आहे ना, असं उगाच विचारत होत्या. उगाच कोण विचारतं? सकाळी खाली कुठेतरी टकटक ऐकू यायची आणि लगेच थांबायची. ब्रिसेइदाच्या हिशेबाने सगळं स्पष्ट होतं. सासू पिशवी नेते ती उकरायला. आत करपलेला भात, अर्धी राहिलेली औषधाची बाटली, न उघडलेली शाळेची पत्रं, सगळा पुरावा. घंटा बंद पाडली म्हणजे उशीर होणार, तीन उशीर झाले की पाळी बदलणार, पाळी बदलली की एफ्रेन म्हणणार, असू दे आईकडेच. आणि तो कागद तर आधीच तिच्याकडे आहे. संशयाचं शिवणकाम असंच असतं, त्यात एकही टाका सुटत नाही. शिवाय चोराच्या मनात चांदणं. स्वतः एवढी मोठी गोष्ट लपवून बसलेल्या बाईला दुसऱ्याच्या मनातही काहीतरी लपवलेलंच दिसणार.

गुरुवारी तिने पाळत ठेवली. आब्रिल तशीही साडेपाचला उठते. तिला गणवेश घातला, पांढरा भात दिला, आणि ब्रिसेइदा गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे जाऊन बसली. बराच वेळ काही झालं नाही. मग दोन्या तोमासा जिन्याने वर येताना दिसली. गुडघा दुखरा, त्यामुळे प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत, कठड्याला धरून. वरच्या पायरीशी थांबली, दाराकडे कान करून जरा वेळ उभी राहिली. मग पिशवी उचलली आणि उतरू लागली. उघडली नाही. खाली नेऊन उघडेल, ब्रिसेइदाने मनात म्हटलं.

पण दोन्या तोमासा घरात गेलीच नाही. ती गल्लीतून चालू लागली आणि प्रत्येक दारावर बोटाच्या पेराने टकटक करत गेली. दारं उघडत गेली. माणसं पिशव्या घेऊन, न बोलता, सकाळच्या प्रार्थनेला निघाल्यासारखी बाहेर आली. कोपऱ्यावरून फिदेन्सिओ आला. घंटा हातात होती, पण तिचा लोळा त्याने मुठीत घट्ट धरला होता.

ब्रिसेइदा सपाता घातलेल्या पायांनीच धडधडत खाली गेली. गाडीपाशी सगळ्यांच्या समोर तिने सासूला विचारलं की माझ्या घंटेशी तुमचं काय वाकडं आहे, आणि माझा कचरा तुम्हाला कशाला हवा असतो. फिदेन्सिओने घंटा पाठीमागे लपवली. मला यात ओढू नका बाई, मला तमाल मिळतो आणि मी लोळा धरतो, एवढंच त्याने सांगितलं.

"अगं, पोर मनगट फोडून घेत होती," दोन्या तोमासा म्हणाली. "म्हणून मी याला सांगितलं की आपल्या गल्लीत वाजवू नकोस, दारं मी ठोकते. तुझी पिशवीही मीच नेते, पोरीला आवरताना तुझी धावपळ नको म्हणून. तिचं मनगट बघितलंस का हल्ली?"

ब्रिसेइदाने बघितलं नव्हतं. रोज तोच हात धरून ती शाळेत जात होती. रोज सकाळी आब्रिल टेबलापाशी शांत बसून भात खात होती, आणि आईला त्यात घंटेचा अभाव तेवढा दिसत होता. तोंडात मारल्यासारखी ती उभी राहिली. तरीही राग जाईना. "मला सांगायला काय झालं होतं?" तिने विचारलं.

"सांगितलं असतं तर म्हणाली असतीस, सासू मध्ये पडते."

हे खरं होतं, आणि म्हणून ब्रिसेइदाला आणखीच राग आला. ती काहीबाही बोलत राहिली, दोन्या तोमासाही मागे हटेना, आणि दोघींपैकी कुणाच्याच लक्षात आलं नाही की गाडी कधीच निघायला हवी होती. पावणेआठ झाले, असं ड्रायव्हरने ओरडून सांगितलं तेव्हा ब्रिसेइदा भानावर आली. वर धावत जाऊन तिने आब्रिलला आणलं. आब्रिल दप्तर पाठीला लावून दारातच उभी होती. तिघी निघाल्या, कारण दोन्या तोमासा काही न विचारता, ॲप्रनसकट, लंगडत मागून येऊ लागली. भिंतीला बोट लावून चालणाऱ्या मुलीला कुणी पळायला लावू शकत नाही. आठ वाजून सहा मिनिटांनी त्या पोचल्या, तेव्हा फाटक बंद होतं. चोर पकडायच्या नादात ब्रिसेइदाने तिसरा उशीर स्वतःच्या हाताने ओढवून घेतला होता.

एल्वाबाई येऊन आब्रिलला मागच्या दाराने वर्गात घेऊन गेल्या. मोठ्या बाईंनी दोघींना समोर बसवलं आणि वही उघडली. ब्रिसेइदाने काही बोलायच्या आत दोन्या तोमासाने सांगून टाकलं की चूक माझी, कचऱ्याची घंटा मी बंद केली.

मोठ्या बाई गोंधळल्या. आजीने घंटा बंद केली तर आईला उशीर का व्हावा, असं त्यांनी विचारलं. हे इथे, सासूसमोर बोललं तर संपलंच, असं ब्रिसेइदाला वाटत होतं. आणि नाही बोललं तर दुपारची पाळी.

"मला वेळ कळत नाही, बाई," ती म्हणाली. "मी घंटेवर निघते. घंटा नसेल तर सात आणि आठ मला सारखेच वाटतात. डॉक्टरांनी तपासलंय. लहानपणापासूनच आहे."

"तसा कागद आहे का?"

ब्रिसेइदा सासूकडे वळली. "द्या," ती म्हणाली.

"काय देऊ?"

"कागद. तुम्ही माझ्या घरातून नेलात तो."

"कसला कागद, पोरी?"

दोन्या तोमासाला खोटं बोलता येत नाही. तमालात मांस कमी पडलं तरी गिऱ्हाइकाला आधी सांगून मग विकते. तिच्या तोंडाकडे बघताना ब्रिसेइदाला कळून चुकलं की हिला कागदाची खबरच नाही. दोन वर्षं ती ज्या चोरीची शिक्षा सासूला देत होती, ती चोरी झालेलीच नव्हती.

"असं होतं तर मला आधी का नाही बोललीस?" दोन्या तोमासाने विचारलं.

"तुम्ही आब्रिलला खाली नेलं असतंत."

म्हातारीने थोडा विचार केला. "नेलं असतं," ती म्हणाली. "गेल्या वर्षी तर नक्कीच नेलं असतं."

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी ब्रिसेइदाला सांगत होतं की तू वेडी नाहीस, तुझी भीती खरी होती. तिला रागवायचं होतं, पण रागवता आलं नाही. "आणि आता?" एवढंच तिने विचारलं.

"आता रोज तुझ्या दाराशी येते ना मी, पिशवीसाठी. आतून तुम्हा दोघींचं बोलणं ऐकू येतं. वेणी घालताना तू तिला विचारतेस आणि ती तुला बसचे नंबर सांगते, कोणती कुठे जाते, कुठे वळते. केवढं बोलते ती." दोन्या तोमासाने ॲप्रनला हात पुसले. "माझ्याशी ती आजवर एक शब्द बोललेली नाही. नेऊन काय करू तिला?"

मग मोठ्या बाईंनी कपाटातून एक छापील कागद काढला. आब्रिलसारख्या मुलांसाठी एक सवलत होती, पण ती मागितल्याशिवाय कुणी देत नसे. डॉक्टरांची नवी चिठ्ठी पंधरा दिवसांत आणायची, आणि मुलीला रोज वेळेवर आणण्याची हमी कुणीतरी लेखी द्यायची. मग झालेले उशीर धरले जाणार नव्हते आणि पाळी सकाळचीच राहणार होती. खाली एक रिकामी ओळ होती: मुलीसाठी जबाबदार व्यक्ती. मोठ्या बाईंनी पेनाचं टोपण काढलं, आणि आतापर्यंतचं सगळं ऐकून, साहजिकच, म्हातारीकडे पाहिलं.

"आजी, तुमचं पूर्ण नाव सांगा."

दोन वर्षं ब्रिसेइदा ज्याला भीत होती ते हेच होतं. आरडाओरड नाही, भांडण नाही, फक्त एका ओळीवर दुसऱ्याचं नाव. आणि आता ना म्हणण्यासारखंही काही तिच्या हातात उरलं नव्हतं, कारण वेळ कळत नाही हे तिने स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं.

"माझं कशाला?" दोन्या तोमासा म्हणाली. "पोर हिची आहे, हिचं लिहा. मी सातला येऊन दार ठोकीन. त्याला कशाला हवाय कागद?"

मोठ्या बाईंनी ब्रिसेइदाचं नाव लिहिलं आणि कागद सहीसाठी तिच्यापुढे सरकवला. ब्रिसेइदाने तो वरपासून खालपर्यंत वाचला. पुन्हा वाचला. मग पाठीमागची बाजू वाचली, आणि तिसऱ्यांदा पुढची, ओळीवर बोट ठेवून. सासूचं नाव कुठे बारीक अक्षरात घुसवलंय का, ते ती शोधत होती. ते कुठेच नव्हतं. तिने सही केली. कागद परत देताना तिचे डोळे भरून आले. दोन्या तोमासाच्या ते नजरेतून सुटलं नाही, पण एरवी अशा वेळी काहीतरी बोलल्याशिवाय न राहणारी ती बाई तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत बसली.